कोल्ड फ्यूजनची उष्णता खरंच केंद्रकातली आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरला दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दहा-पंधरा जण एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत विज्ञानावर गप्पा मारतो. अकरावी-बारावीची पोरं असतात, दोन-तीन निवृत्त मास्तर असतात (त्यातला एक मी), आणि परळीच्या औष्णिक केंद्रात उभी हयात घालवलेले एक काका. कोल्ड फ्यूजनचा विषय एकदा निघाला तो तीन शनिवार संपला नाही. तेव्हापासून तेच प्रश्न फिरून फिरून येतात, रात्री फोनवरसुद्धा. म्हणून एकदाची उत्तरं लिहून ठेवतोय. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं, या विषयात संशोधन केलेलं नाही. माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच, लपवत नाही.

कोल्ड फ्यूजन म्हणजे नेमकं काय?

जड पाणी घ्यायचं, म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचा वजनदार भाऊ ड्यूटेरियम असतो ते. त्यात पॅलेडियम या धातूची कांडी कॅथोड म्हणून बुडवायची, भोवती प्लॅटिनमची तार अ‍ॅनोड म्हणून गुंडाळायची आणि दिवसचे दिवस वीज सोडत राहायची. पाणी फुटतं. ऑक्सिजन बुडबुड्यांनी निघून जातो आणि ड्यूटेरियम पॅलेडियमच्या आत शिरतं. हरभरे रात्रभर पाणी पिऊन फुगावेत तशी ती कांडी खरोखर थोडी फुगते. पॅलेडियम आपल्या आकारमानाच्या ९०० पटीपर्यंत हायड्रोजन शोषतं, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे आणि त्यावर कुणाचा वाद नाही.

वाद पुढे आहे. दावा असा, की काही आठवड्यांनी भांड्यातून घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर येते आणि ती ड्यूटेरियमची केंद्रकं एकमेकांत मिसळल्याने येते. सूर्याच्या पोटात दीड कोटी अंशांना चालणाऱ्या कामाच्याच जातीचं काम, इथे मात्र टेबलावर, थर्मासएवढ्या भांड्यात.

केंद्रकं एकमेकांत मिसळायला एवढी अडचण काय?

दोन्ही धनभारित, म्हणून एकमेकांना ढकलतात. ड्यूटेरियमच्या साध्या रेणूत दोन केंद्रकं ०.०७४ नॅनोमीटरवर असतात, तरी तिथे संमीलन (केंद्रकं एकमेकांत मिसळणं, म्हणजेच फ्यूजन) होण्याचा दर स्टीव्हन कूनिन आणि मायकेल नॉएनबर्ग यांनी १९८९ मध्ये काढला तो असा: एका रेणूमागे सेकंदाला १० चा उणे ६४ वा घात. म्हणजे नाहीच म्हणा.

इथे पोरांचा हमखास गैरसमज होतो. त्यांना वाटतं, पॅलेडियमच्या अणूंच्या जाळीत केंद्रकं दाबली जाऊन जवळ येत असतील. उलट आहे! जाळीतल्या दोन शेजारच्या खोबणींमधलं अंतर सुमारे ०.२८ नॅनोमीटर, म्हणजे रेणूतल्यापेक्षा जवळपास चौपट. धातूत ड्यूटेरियम गच्च भरतं ते वर्गात पोरं भरतात तसं. प्रत्येक जण आपापल्या बाकावर असतो.

खऱ्या अर्थानं थंड संमीलन एका मार्गानं होतं, आणि ते सर्वमान्य आहे. इलेक्ट्रॉनपेक्षा २०७ पट जड असा म्यूऑन त्याच्या जागी बसवला की केंद्रकं इतकी जवळ येतात की संमीलन होऊन जातं. १९५६ मध्ये लुईस अल्वारेझ यांच्या गटाला ते दिसलं. पण म्यूऑन २.२ मायक्रोसेकंदच जगतो आणि तो तयार करायला लागणारी ऊर्जा त्याच्या आयुष्यात वसूल होत नाही.

१९८९ ला झालं काय?

२३ मार्च १९८९. अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठानं सॉल्ट लेक सिटीत पत्रकार परिषद घेतली. स्टॅन्ली पॉन्स तिथलेच, मार्टिन फ्लाइशमन इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे. दोघेही विद्युत-रसायनशास्त्रातले नावाजलेले लोक, कुणी ऐरेगैरे नव्हेत. शोधनिबंध छापून यायच्या आधीच जगाला सांगितलं गेलं. शेजारच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात स्टीव्हन जोन्स अशाच प्रयोगातून अगदी थोडे न्यूट्रॉन मोजत होते, म्हणून मान कुणाला याची घाई झाली होती.

पुढचे पाच आठवडे जगभरच्या प्रयोगशाळांत पॅलेडियमची पळापळ. १ मेला बाल्टिमोरला अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या बैठकीत कॅलटेकच्या नेथन लुईस आणि कूनिन यांनी दाव्याच्या चिंध्या केल्या. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी ऊर्जा विभागाच्या समितीनंही पुरावा पटत नसल्याचं सांगितलं. बहुतेकांसाठी विषय तिथेच संपला. काहींसाठी अजून संपलेला नाही, आणि त्यातले बरेच जण वेडे नाहीत.

वाद उष्णतेवर आहे, की ती केंद्रकीय आहे यावर?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी त्या शनिवारी चहा पाजतो. कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि नव्वद टक्के भांडणं ते एकत्र केल्यानं होतात.

पहिला: जास्तीची उष्णता खरंच आहे का? दुसरा: असलीच, तर ती केंद्रकातून आली हे कशावरून?

२००४ मध्ये ऊर्जा विभागानं पुन्हा एकदा १८ परीक्षकांकडून हा विषय तपासून घेतला. जास्तीच्या उष्णतेच्या पुराव्यावर ते जवळपास निम्मे-निम्मे विभागले. पण ही उष्णता केंद्रकीय आहे का, असं विचारल्यावर सुमारे दोन-तृतीयांश जणांना पुरावा पटला नाही. यातलं एकच वाक्य उचलून दोन्ही बाजू आपापले झेंडे नाचवतात.

थर्मामीटर लावा आणि मोजा, त्यात एवढं अवघड काय?

असं मलाही वाटायचं.

आधी एक हिशेब बघा. भांड्याला ५ व्होल्टवर ०.४ अँपिअर प्रवाह दिला, म्हणजे २ वॉट. ही सगळी उष्णता होत नाही. काही भाग पाणी फोडण्यात खर्च होतो आणि बुडबुड्यांबरोबर निघून जातो. जड पाण्यासाठी तो आकडा १.५४ व्होल्ट गुणिले प्रवाह, म्हणजे ०.६२ वॉटच्या आसपास. उरले १.३८ वॉट. प्रयोग करणारा म्हणतो, माझ्या भांड्यातून १.३८ वॉट उष्णता यायला हवी, त्यावर जे येईल ते जास्तीचं.

आता समजा, निघालेल्या वायूंपैकी निम्मा भाग बाहेर जायच्या आधी भांड्यातच पुन्हा एकमेकांशी जळून पाणी झाला. प्लॅटिनम, पॅलेडियम या कामात पटाईत आहेत. मग ०.३१ वॉट उष्णता जास्तीची दिसेल, म्हणजे अपेक्षेपेक्षा २२ टक्के वर! केंद्रकानं बोटही हलवलं नाही, तरी आकडा मात्र वर गेला. यावर उपाय आहे: भांडं बंद करायचं आणि आत उत्प्रेरक बसवून सगळे वायू मुद्दाम परत जोडायचे. एसआरआय या कॅलिफोर्नियातल्या संस्थेत मायकेल मॅककुब्रे यांच्या गटानं तसंच केलं. त्यांचं निरीक्षण असं, की पॅलेडियमच्या दर अणूमागे ड्यूटेरियमचे ०.९ च्या आसपास अणू भरले तरच उष्णता दिसते, आणि एवढं भरणं बहुतेक नमुन्यांना जमत नाही. म्हणून बाकीच्यांना काही दिसलं नाही, असं समर्थक म्हणतात. म्हणणं अगदीच फेकण्यासारखं नाही. पण त्यावरही आक्षेप आला. कर्क शॅनहन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाचा मुद्दा असा, की भांड्यात उष्णता निघायची जागा बदलली तर कॅलरीमापीचा, म्हणजे उष्णता मोजणाऱ्या उपकरणाचा, मापनांक थोडा सरकतो, आणि तेवढ्या सरकण्यातून खोटी जास्तीची उष्णता उभी राहते.

आता माझी फजिती. १९९० च्या दशकात कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरांच्या हौसेखातर आम्ही साध्या पाण्यावर हा प्रयोग मांडला. चहाचा थर्मास, थोडा कॉस्टिक सोडा, निकेलच्या तारा, जुना बॅटरी एलिमिनेटर. विजेचा हिशेब साधारण दीड वॉटचा, आणि उष्णता येत होती दोन वॉटच्या आसपास. दोन दिवस पोरं हवेत. मीही होतो, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी लोडशेडिंग झालं म्हणून आम्ही ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, आणि जास्तीची उष्णता गायब!

कारण साधं निघालं. त्या एलिमिनेटरची वीज सरळ नव्हती, सेकंदाला शंभर वेळा वर-खाली होत होती. मीटर व्होल्टेजची सरासरी दाखवत होता, प्रवाहाची सरासरी दाखवत होता, आणि मी दोन सरासऱ्यांचा गुणाकार करत होतो. खरी शक्ती म्हणजे गुणाकाराची सरासरी, आणि ती जास्त भरते. अर्धा वॉट तिथे लपला होता. मोठ्या प्रयोगशाळांत इतकी बाळबोध चूक होत नसते, हे मान्य. पण तेव्हापासून कुणी म्हणालं की आम्ही वीज नीट मोजलीय, तर मी विचारतो, कशानं?

रसायनाने एवढी उष्णता देता येत नाही. मग ती केंद्रकीयच ना?

नाही. समर्थकांच्या लिखाणात ही उडी सारखी दिसते. एका अणूमागे रासायनिक क्रिया एखाद-दोन इलेक्ट्रॉन व्होल्ट देते, केंद्रकीय क्रिया त्याच्या लाखो पट. त्यामुळे एवढ्याशा कांडीतून एवढी उष्णता आली, रसायनात ती बसत नाही, असा युक्तिवाद होतो. बसत नसेलही. पण त्यातून एवढंच कळतं की हिशेबात काहीतरी गडबड आहे. घरातून दागिना गेला आणि नोकरानं तो घेतलेला नाही हे सिद्ध झालं, म्हणून शेजाऱ्यानं घेतला असं होत नाही. तो कपाटाच्या मागेही पडलेला असू शकतो.

मग केंद्रकीय ठरवायचं कसं?

राख दाखवून.

परळीचे काका हे आमच्यापेक्षा बरं सांगतात. आपल्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. शंभर टन कोळसा जाळला असं कुणी सांगितलं, तर तीस-चाळीस टन राख दाखवता आली पाहिजे. परळीत राखेचे डोंगर आहेत, राखेनं भरलेल्या ट्रकांमागून गेलेल्याला वेगळं सांगायला नको. काका म्हणतात, "वीज किती केली ते मला वहीत दाखवू नका, राखेच्या तळ्यावर चला."

केंद्रकीय चुलीचीही राख असते, आणि ती नेमकी किती पडते ते ठाऊक आहे. दोन ड्यूटेरियम मिसळले की जवळपास निम्म्या वेळा न्यूट्रॉन आणि हेलियम-३ निघतात, निम्म्या वेळा प्रोटॉन आणि ट्रिटियम (हायड्रोजनचा आणखी वजनदार भाऊ). तिसरी वाट, थेट हेलियम-४ आणि सोबत २३.८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा गॅमा किरण, ही कोटीत एखाद्या वेळची.

आता गणित करा. एक वॉट उष्णता यातून हवी असेल तर सेकंदाला सुमारे ८५ हजार कोटी न्यूट्रॉन निघायला हवेत. असं भांडं टेबलावर ठेवून शेजारी उभ्या राहणाऱ्याचं काय होईल? पॉन्स आणि फ्लाइशमन ठणठणीत होते. भौतिकशास्त्रज्ञांनी यावर काळा विनोद केला: प्रयोग खरा असेल तर मेलेला विद्यार्थी कुठे आहे? त्यांच्या निबंधात न्यूट्रॉनचा जो दर दिला होता तो उष्णतेच्या मानानं कोट्यवधी पटीनं कमी पडत होता. शिवाय पुरावा म्हणून छापलेलं गॅमा किरणांचं शिखर एमआयटीच्या रिचर्ड पेट्रासो यांच्या गटानं तपासलं, तर त्याचा आकारच न्यूट्रॉनमुळे उठणाऱ्या शिखराचा नव्हता.

म्हणजे ती उष्णता नेहमीच्या वाटेनं आलेली केंद्रकीय उष्णता नाही. याबद्दल आज समर्थकही वाद घालत नाहीत. ते म्हणतात, वाट वेगळी आहे.

हेलियम सापडला म्हणतात, ते खरं का?

समर्थकांच्या हातातला हा सगळ्यात भारी पत्ता आहे, त्यामुळे जरा सावकाश बघू.

मेल्विन माइल्स हे अमेरिकी नौदलाच्या चायना लेक प्रयोगशाळेतले रसायनशास्त्रज्ञ. १९९० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी भांड्यातून निघणारे वायू गोळा करून हेलियम-४ मोजला. जास्तीची उष्णता होती तेव्हा हेलियम सापडला, नव्हती तेव्हा साधारणपणे सापडला नाही. साध्या पाण्याच्या भांड्यात सापडला नाही. सुरुवातीला काचेच्या कुप्या होत्या. हेलियम काचेतूनही झिरपतो म्हणून पुढे धातूच्या वापरल्या. हे काम निष्काळजीपणाचं नव्हे. नुसतं "उष्णता आली हो" म्हणण्यापेक्षा हे कितीतरी वरच्या दर्जाचं आहे, कारण इथे उष्णता आणि राख एकत्र मोजायचा प्रयत्न आहे.

पण राख किती मोजायची होती ते बघा. दर हेलियम अणूमागे २३.८ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट धरले, तर एक वॉटला सेकंदाला २६ हजार कोटी अणू. आकडा मोठा वाटतो. पण दिवसभराचे सगळे अणू गोळा केले तर त्यांचं आकारमान एक घन मिलिमीटरसुद्धा भरत नाही, ज्वारीच्या दाण्याहून लहान बुडबुडा. उलट आपल्या साध्या हवेत दर दहा लाख भागांत ५.२ भाग हेलियम असतोच. म्हणजे एक लिटर हवेत त्या चुलीची सहा दिवसांची राख आधीच पडलेली आहे. वाटीभर हवा कुठल्या सांध्यातून आत शिरली की एका दिवसाच्या संमीलनाचा पुरावा तयार.

माइल्स यांचे आकडे हवेतल्या पातळीच्या खालीच होते, म्हणून गळतीचा प्रश्न सुटत नाही. एसआरआयच्या एका प्रयोगात पातळी हवेच्या वर गेल्याचं सांगितलं गेलं. तिथल्याच एका हिशेबात दर हेलियममागे ऊर्जा ३१ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट भरली, मागेपुढे १३. म्हणजे १८ पासून ४४ पर्यंत काहीही. २३.८ त्यात बसतं, पण इतक्या रुंद दारातून बैलगाडीही जाईल. थोडा हेलियम पॅलेडियममध्येच अडकतो, असं त्याचं स्पष्टीकरण. असेल. मग कांडी वितळवून तो पूर्ण बाहेर काढा आणि दहा वेगळ्या ठिकाणच्या लोकांकडून मोजून घ्या.

आणि ही गोष्ट पहिल्यांदा घडत नाहीये. १९२६ मध्ये बर्लिनला फ्रिट्झ पानेट आणि कुर्ट पीटर्स यांनी पॅलेडियममध्ये हायड्रोजनचा हेलियम झाल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी त्यांनीच मान्य केलं की तो हेलियम काचेतून आणि हवेतून आलेला होता. हाच धातू, हाच वायू आणि हीच काच, साठ वर्षं आधी.

एक खोच जाता जाता. काही समर्थक निकेल आणि साध्या पाण्यातूनही जास्तीची उष्णता आल्याचं सांगतात. तिथे ड्यूटेरियम नावापुरतंच. मग साध्या पाण्याचं भांडं हे तुलनेसाठी ठेवलेलं निष्क्रिय भांडं, की तीही चूल? दोन्ही एकदम कसं चालेल?

आपल्या बीएआरसीत हे सिद्ध झालं होतं ना?

"सिद्ध झालं" नका म्हणू, "दिसल्याचं सांगितलं" म्हणा. १९८९ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक पी. के. अय्यंगार होते. त्यांनी आणि एम. श्रीनिवासन यांनी पुढाकार घेतला, ट्रॉम्बेतले अनेक गट कामाला लागले आणि वर्षाच्या आतच सविस्तर अहवाल निघाला. त्यांचा भर उष्णतेपेक्षा ट्रिटियम आणि न्यूट्रॉनवर होता, आणि मला वाटतं तोच शहाणपणा होता. केंद्रक तपासायचं तर केंद्रकाची खूण शोधा. ट्रिटियम भरपूर आणि न्यूट्रॉन अगदी नगण्य, असं त्यांना दिसलं. नेहमीच्या वाटेनं दोन्ही सारखे यायला हवेत.

आक्षेप असा, की जड पाण्यात ट्रिटियम मुळातच थोडं असतं आणि विद्युत अपघटनात हलका भाग आधी उडून जातो, मागे ट्रिटियम दाट होत जातं. दूध आटवलं की साय वाढते तसं. शिवाय अणुभट्ट्यांच्या आवारात ते बाहेरून शिरायची भीती वेगळीच. बीएआरसीच्या लोकांनी यावर उत्तरं दिली, काही बरी होती. पण बाहेर कुणालाही हवं तेव्हा तसंच करून दाखवता येईल अशी कृती हाती आली नाही आणि पुढच्या काही वर्षांत काम थंडावलं. श्रीनिवासन यांनी मात्र पाठ सोडली नाही. २०११ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद चेन्नईला भरली, आणि २०१५ मध्ये 'करंट सायन्स'नं यावर खास विभाग काढला, त्याचे ते एक अतिथी संपादक होते.

धातूच्या जाळीत निसर्गाचे नियम वेगळे चालत असतील तर?

नियम तेच असतात, परिस्थिती वेगळी असू शकते. धातूतले इलेक्ट्रॉन केंद्रकांमधलं ढकलणं थोडं झाकतात आणि कमी ऊर्जेच्या टकरींत संमीलनाचा दर त्यामुळे वाढतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण तिथे बाहेरून कण मारावे लागतात, आणि वाढ झाली तरी चूल पेटण्याइतकी होत नाही.

जॉन हायझेंगा, १९८९ च्या समितीचे सह-अध्यक्ष, म्हणायचे की इथे एक नाही, तीन चमत्कार लागतात. एक, न होणारं संमीलन व्हायला हवं. दोन, झाल्यावर नेहमीच्या दोन वाटा सोडून त्यानं कोटीतली ती तिसरीच धरायला हवी. आणि तीन, त्या वाटेचा गॅमा किरण दिसताच कामा नये.

एमआयटीचे पीटर हॅगलस्टीन यांच्यासारखे सिद्धांतकार तिसऱ्यावर उत्तर शोधतात: ती ऊर्जा अख्ख्या जाळीच्या कंपनांत बारीक बारीक वाटली जाते, म्हणून किरण दिसत नाही. हे ऐकायला छान आहे. पण जायकवाडीचे दरवाजे एका झटक्यात उघडावेत आणि सगळं पाणी एकाही वावरात चिखल न करता लाखो शेतांच्या ठिबकच्या नळ्यांतून थेंब थेंब निघावं, असं ते आहे. जाळीच्या एका कंपनाला जेवढा वेळ लागतो त्याच्या लाखो पट आधी केंद्रकातला मामला उरकलेला असतो. अशक्य आहे असं मी म्हणत नाही. झालंच, तर आधी छोट्या प्रमाणात कुठेतरी दिसायला हवं.

तेल कंपन्यांनी दाबलं, हे खरं का?

नाही हो. पॉन्स आणि फ्लाइशमन यांना १९९२ पासून फ्रान्समध्ये टोयोटाशी संबंधित पैशावर प्रयोगशाळा मिळाली, ती १९९८ मध्ये बंद झाली. जपान सरकारनंही कित्येक वर्षं पैसा घातला. बुद्धिमान माणसं, पैसा, वेळ, सगळं होतं.

खिल्ली मात्र जरुरीपेक्षा जास्त उडवली गेली, हे खरं. त्यामुळे बरेच तरुण या वाटेला गेले नाहीत.

गूगलनं पण केलं होतं म्हणे?

हो. २०१५ पासून काही वर्षं वेगवेगळ्या विद्यापीठांतले सुमारे तीस संशोधक, सुमारे एक कोटी डॉलर. २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी सांगितलं की कोल्ड फ्यूजनचा पुरावा मिळाला नाही. एवढं भरपूर ड्यूटेरियम पॅलेडियममध्ये टिकवून ठेवणं किती अवघड आहे तेही लिहिलं, आणि उपकरणं मात्र आधीपेक्षा चांगली करून ठेवली. त्याच गटातले कर्टिस बर्लिंगेट यांच्या कॅनडातल्या प्रयोगशाळेनं २०२५ मध्ये दाखवलं की विद्युत-रासायनिक पद्धतीनं ड्यूटेरियम भरलेल्या पॅलेडियमवर ड्यूटेरियमचा झोत मारला तर संमीलनाचा दर सुमारे १५ टक्के वाढतो. त्यांनी न्यूट्रॉन मोजले, उष्णता नाही. ऊर्जा मिळण्याच्या जवळपासही ते नाही, आणि त्यांनी तसं म्हटलंही नाही. मला ते आवडलं, कारण त्यांनी राखेपासून सुरुवात केली.

औंढ्याला लिगो (गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा) होतंय, त्याचा याच्याशी काय संबंध?

हा प्रश्न हिंगोलीच्या एका पोरीनं विचारला होता आणि सगळे हसले होते. मी नाही हसलो.

१९६९ मध्ये जोसेफ वेबर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं ॲल्युमिनियमच्या मोठ्या दंडगोलांवर गुरुत्वीय लहरी पकडल्याचं जाहीर केलं. इतरांनी तसेच दंडगोल बांधले, कुणाला काही दिसलं नाही. वेबर शेवटपर्यंत ठाम राहिले. मग १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या तीन हजार किलोमीटरवरच्या दोन लिगो वेधशाळांना एकच लहर सात मिलिसेकंदांच्या फरकानं दिसली. गुरुत्वीय लहरी होत्याच! पण वेबर यांना दिसलं होतं ते त्या नव्हत्या.

समर्थक ही गोष्ट "बघा, शेवटी खरं ठरलं" म्हणून सांगतात. मी ती उलटी वाचतो. गोष्ट खरी असणं आणि तुमच्या यंत्रानं तीच पकडलेली असणं हे वेगळं. आणि दुसरी वेधशाळा लागते ती यासाठीच. औंढा नागनाथला होतेय ती लिगोची तिसरी जागा.

गावात एक जण "पाण्यावर चालणारी थंड अणुभट्टी" घेऊन आलाय, पैसे गुंतवू का?

नको. इटलीच्या आंद्रेआ रोस्सी यांनी २०११ मध्ये अशीच पेटी दाखवली, मोठे लोक बघायला गेले, पुढे गुंतवणूकदारांशी कोर्टात भांडण झालं, आणि आजतागायत कुणाच्या घरात त्यावर चहा झालेला नाही. आलेल्या माणसाला एवढंच सांगा: प्लग काढ आणि महिनाभर चालव.

घरी करून पाहू का?

जड पाणी आणि पॅलेडियम परवडणार नाही, हे बरंच आहे. साध्या पाण्यावरही बंद भांड्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र साठवू नका. जानेवारी १९९२ मध्ये एसआरआयमध्ये असं भांडं फुटून अँड्र्यू रायली हे संशोधक जागीच गेले. तो स्फोट रासायनिक होता.

तुमचं स्वतःचं मत काय, सर?

बरीचशी जास्तीची उष्णता ही मोजण्यातली चूक आहे, असं मला वाटतं. एकच चूक नव्हे, ठिकठिकाणी वेगळी. थोडी उष्णता कदाचित खरी असेल, धातू आणि वायूच्या रसायनातली, जी अजून नीट उलगडलेली नाही. केंद्रकीय आहे असं मानायला मी तयार आहे, पण उष्णता आणि हेलियम एकाच बंद धातूच्या भांड्यात, एकाच वेळी, हवेतल्या पातळीच्या खूप वर, आणि ज्याला ते खोटं ठरवायचंय अशा माणसाच्या प्रयोगशाळेत मोजून दाखवा. ३५ वर्षांत हे झालेलं नाही. उद्या झालं तर परळीच्या काकांना घेऊन मी पेढे वाटेन. त्यांचं म्हणणं, पेढे आधी मोजून आण.

त्या थर्मासचं काय झालं?

आहे अजून. शनिवारचा चहा त्यातूनच येतो. बूच थोडं सैल झालंय, पण तासाभरात चहा किती अंशांनी उतरतो ते मला तोंडपाठ आहे.